खांदे टेकले की नाही?

अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत शिवराज राक्षेने पंचांना मारलेली ती लाथ तुम्ही पाहिली असेलच. न पाहण्याची सोयच नव्हती. २ फेब्रुवारी २०२५ च्या रात्रीपासून ती मंद गतीत, वर्तुळ करून, पुन्हा पुन्हा दाखवली गेली. पण राक्षे पंचांवर एवढा का भडकला? पृथ्वीराज मोहोळने त्याला चितपट केल्याचा निर्णय त्याला मान्य नव्हता. पाठ टेकलीच नाही, रिप्ले बघा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे सगळं भांडण दोन खांद्यांचं. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागले पाहिजेत, वरच्या मल्लाचा ताबा क्षणभर तरी टिकला पाहिजे, आणि हा निर्णय गादीवरच्या पंचाने एकट्याने द्यायचा नसतो. एवढं सांगून ते दृश्य थांबवून दाखवायला दोन मिनिटं पुरली असती. ती दोन मिनिटं कुणाकडे नव्हती. पुढाऱ्यांच्या प्रतिक्रियांना मात्र अख्खा दिवस होता. गदा जिंकलेल्या मोहोळची कुस्ती कशी आहे, त्याचा हुकमी डाव कोणता, हे त्या आठवड्यात कुणाला टीव्हीवरून कळलं असेल, तर मला जरूर कळवावं.

मराठी वृत्तवाहिन्यांवरच्या क्रीडा बातमीची आजची अवस्था ही अशी. खेळाच्या आधीचं दाखवतात, नंतरचं दाखवतात, मधला खेळ तेवढा गायब.

स्वप्निल कुसाळेचंच घ्या. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदकाची वाट पाहण्यात महाराष्ट्राची ७२ वर्षं गेली. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोराने ती प्रतीक्षा संपवली. आणि आपल्याला काय ऐकवलं? तो रेल्वेत टीसी, धोनीसुद्धा टीसी! नेमबाजाची ओळखसुद्धा क्रिकेटच्या उंबरठ्यावरून करून द्यायची. खरी गोष्ट त्या अंतिम फेरीतच होती. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा. पहिल्या दोन्ही टप्प्यांनंतर कुसाळे पदकाच्या जागेवर नव्हताच. उभं राहून मारणं सगळ्यांत अवघड, कारण रायफलचं वजन आणि श्वासाची हालचाल दोन्ही अंगावर येतात. तिथे भले भले ढासळले आणि हा वर सरकला. ४५१.४ गुण, तिसरा क्रमांक. एवढा चढता आलेख कुठल्याही संपादकाला आयता मिळाला होता. पडद्यावर मात्र पेढे.

दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आईच्या मिठीतली रडणारी नागपूरची मुलगी सगळ्यांनी दाखवली. दाखवावीच, मलाही भरून आलं. पण कोनेरू हंपीसारखी मुरलेली खेळाडू टायब्रेकच्या दुसऱ्या जलद डावात घड्याळाच्या दडपणाखाली कशी चुकली, हे पट मांडून समजावणारा एकही स्टुडिओ माझ्या नजरेला पडला नाही. खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी ७८-४० असा जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकरही महाराष्ट्राचा. शाळेत खो-खो खेळलेला अख्खा महाराष्ट्र समोर बसला होता. पण नव्या नियमांत ‘वजीर’ कुठल्याही दिशेने पळू शकतो, त्यामुळे बचावाची सगळी गणितं बदलतात, हे त्याला कोण सांगणार? ढोल-ताशे मात्र भरपूर ऐकवले.

सांगलीच्या स्मृती मानधनाबद्दल तर बोलायलाच नको. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, आणि त्याच महिन्यात कॅमेरे तिच्या लग्नघराबाहेर तळ ठोकून बसले. तिच्या कव्हर ड्राइव्हला त्याच्या निम्मा वेळसुद्धा मिळाला नसेल.

माजी खेळाडूंच्या चौकटीतल्या चर्चा आणि सामन्याचं भविष्य सांगणारे ज्योतिषी यांच्यावर शाई घालवण्यात अर्थ नाही.

मग चांगलं काही आहेच का? आहे, पण ते वाहिन्यांच्या बाहेर. गावोगावच्या जत्रांतल्या कुस्ती मैदानांचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण पाहा. एक-दोन कॅमेरे, हलणारी चौकट, वाऱ्याने फरफरणारा माइक, मागे हलगी. निर्मितीमूल्य शून्य. पण निवेदक! शंकर पुजारींनी ज्या निवेदनाला मान मिळवून दिला, त्याच वळणावर आज कितीतरी जण बोलत आहेत. मल्ल आखाड्यात उतरला की त्याचं गाव, तालीम, वस्ताद, मागच्या मैदानात कुणाशी लढला आणि कसा हरला, सगळं तोंडपाठ. गंगावेशचा पठ्ठा आहे की मोतीबागेचा, यावरून तो काय करील याचा अंदाज आधीच बांधून देतात. पट काढायला वाकला, समोरच्याने मान दाबली, आता घिस्सा येणार, आला, निसटला, ढाकेची तयारी. प्रेक्षकाला डाव पडण्याआधी अर्धा क्षण कळतो की डाव येतोय. खेळाचं निवेदन याहून वेगळं काय असतं? बाळ ज. पंडित रेडिओवर हेच करत. मैदान न दिसणाऱ्या माणसाला क्षेत्ररक्षण उभं करून देत. वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्रात खेळाला हक्काची जागा मिळवून दिली ती खेळ समजावण्याच्या बळावर. हा वारसा वाहिन्यांनी टाकून दिला आणि मातीतल्या निवेदकाने उचलला, तोही बऱ्याचदा रात्री उशिरापर्यंत घसा बसेस्तोवर.

हे बोललं की दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, प्रक्षेपणाचे हक्क महाग, दृश्यं मिळत नाहीत. आयपीएलपुरतं मान्य करू. जिल्हा कबड्डी स्पर्धेला, शालेय खो-खोला, तालुक्याच्या कुस्ती मैदानाला कॅमेरा न्यायला कुणाचे हक्क आडवे येतात? आणि नियम समजावायला, फळ्यावर चार रेघा ओढायला कुठलं दृश्य विकत घ्यावं लागतं? दुसरं उत्तर अधिक संतापजनक आहे: प्रेक्षकांना हेच हवं असतं. कोणत्या प्रेक्षकांना? दुपारपासून मातीत मांडी घालून, शेवटची जोड सुटेपर्यंत न उठणाऱ्यांना? पट काढताना चुकला तर पंचांच्या आधी ओरडणाऱ्यांना? या माणसांना खेळातलं कळत नाही असं म्हणायला वातानुकूलित खोलीत बसलेलं असावं लागतं. कळत नाही ते निर्णय घेणाऱ्यांना. क्रीडा प्रतिनिधी म्हणून नेमलेल्या मुलाला सकाळी निवडणूक, दुपारी अपघात आणि संध्याकाळी ‘विजयाचा जल्लोष’ असं पळवायचं, त्याला एक मोसम धड कुठल्या खेळामागे फिरू द्यायचं नाही, आणि मग मजकूर उथळ का म्हणून विचारायचं. दोष त्या मुलाचा नाही.

संपादकांना एकच सांगणं आहे. येत्या जत्रांच्या मोसमात एक कॅमेरा आणि एक जाणता निवेदक घेऊन सांगली-कोल्हापूरच्या चार मैदानांवर जा आणि तो खेळ जसाच्या तसा अर्धा तास दाखवा. तेवढंही जमत नसेल तर क्रीडा बुलेटिन बंद करा. त्या वेळात जाहिराती दाखवल्यात तरी आमची तक्रार नाही.