अथणी गाळलेले संभाजीराजे

14 फेब्रुवारी 2025 रोजी लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ झळकला. शंभर वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीने ज्यांना व्यसनी आणि विलासी ठरवले होते, ते संभाजीराजे आता पडद्यावर इतके निर्दोष झाले आहेत की त्यांना चुकायलाही जागा उरलेली नाही. चित्रपट सुरू होतो बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून, म्हणजे 1681 पासून. साहजिकच डिसेंबर 1678 मध्ये युवराज मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले, ते जवळजवळ वर्ष चौकटीबाहेर राहते. शेवटचा मोठा भाग साखळदंडांना आणि तापल्या सळयांना दिलेला आहे. विकी कौशल यांनी भूमिकेत जीव ओतला आहे, अक्षय खन्ना यांचा खालच्या आवाजात बोलणारा औरंगजेब त्याहून सरस आहे. पण नऊ वर्षे राज्य केलेल्या माणसाची ओळख प्रेक्षक घरी नेतो ती त्याच्या मरणापुरतीच.

याच चित्रपटातले लेझीम नृत्य प्रदर्शनापूर्वी विरोध झाल्याने काढून टाकावे लागले. बेळगाव जिल्ह्यात निपाणीच्या आसपास जत्रा म्हटली की लेझीम आलीच. त्या मातीतल्या प्रेक्षकालाही आपला राजा लेझीम खेळताना दिसू नये, असे ठरले. राजाचे सोसणे चालते, त्याचा आनंद चालत नाही.

गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ आणि भालजींचा 1941 चा ‘थोरातांची कमळा’ यांच्याकडे आज परतण्याचे कारण नाही; दोन्ही चिटणीस बखरीच्या सावलीत वाढले. 2024 मध्ये पाठोपाठ आलेल्या चित्रपटांबद्दल एवढेच, की त्यांतले संवाद एकातून उचलून दुसऱ्यात घातले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

खरी श्रीमंती आहे ती मधल्या काळात. वा. सी. बेंद्रे यांचे संभाजी-चरित्र 1960 साली आले आणि चिटणीस बखरीचा पाया हादरला. आपल्याविरुद्धच्या 1681 च्या कटाबद्दल संभाजीराजांनी चिटणीस बाळाजी आवजींना देहदंड दिला; त्यांच्याच घराण्यातल्या मल्हार रामरावांनी राजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने ती बखर लिहिली. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ 1971 चे. या दोघांनी राजांना देव्हाऱ्यात बसवले नाही, कागदपत्रांपुढे उभे केले.

त्याच सुमारास वसंत कानेटकरांनी 1962 मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिले. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी रंगमंचावर येई तो दुखावलेला मुलगा म्हणून. बापाच्या प्रेमावर हक्क सांगणारा, बोलता बोलता तोल जाणारा, पुन्हा त्याच बापापुढे कोसळणारा. नाटकात एकही लढाई नाही, तरी राज्य कशामुळे धोक्यात येते ते प्रेक्षकाला घरातल्या घरात कळते. कानेटकरांचेच ‘इथे ओशाळला मृत्यू’ मात्र पुढच्या सगळ्या बलिदान-नाट्यांची वाट आखून गेले.

शिवाजी सावंतांची ‘छावा’ 1979 ची. सावंत आजऱ्याचे, म्हणजे निपाणीच्या शेजारचे. शंभूबाळांना संभाजीराजे होईपर्यंत वाढू देण्याचा धीर त्या कादंबरीत आहे. भाषा पुष्कळदा फुलोऱ्यात अडकते, पण आईविना वाढलेल्या पोराचे एकटेपण तिच्याइतके कुणी रंगवलेले नाही. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेने 2017 ते 2020 या काळात येसूबाईंना कारभारात बसवले, हे तिचे श्रेय. विश्वास पाटलांच्या ‘संभाजी’त भूगोल भक्कम आहे, माणूस त्या मानाने कमी.

हे सगळे मागे टाकून आजची कलाकृती मरणाकडे धावते, याचा राग यायला हवा. साहित्य काय कमी आहे? नोव्हेंबर 1683 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फोंड्याला वेढा घालून बसला होता. संभाजीराजांनी तो उधळला, जुवे बेट घेतले, आणि पाठलागात खाडीच्या भरतीत त्यांचा घोडा पोहणीला लागला. त्यांना वाचवणारा खंडो बल्लाळ. ज्या बाळाजी आवजींना राजांनी दोन वर्षांपूर्वी मारले, त्यांचा हा मुलगा! पाण्यात एकमेकांना धरलेली ही दोन माणसे एका अख्ख्या चित्रपटाला पुरतील.

इंग्रजांनाही असाच एक राजा होता. तिसऱ्या रिचर्डला ट्यूडर राजवटीच्या सावलीत शेक्सपियरने कुबडा खलनायक केले. जोसेफिन टे यांनी 1951 च्या कादंबरीत त्याचा खटला नव्याने चालवला. 2012 मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा निघाला, आणि पाठीचा कणा खरोखरच वाकडा होता. रिचर्डच्या कैवाऱ्यांना तो कणा मान्य करून पुढे बोलावे लागले.

आपल्याकडे तो कणा म्हणजे दिलेरखानाची छावणी. तिच्यावर पांघरूण घालण्यासाठी हल्ली व्याख्यानांतून एक उपपत्ती ऐकवली जाते, की ती शिवरायांचीच गुप्त योजना होती. मग एप्रिल 1679 मध्ये भूपाळगड पडला, दिलेरखानाने कैद केलेल्या मराठ्यांचे हात तोडले, तेही योजनेत होते काय? मुलाला वाचवायला त्याची चूक पुसायची, तर त्या हातांचा हिशेब बापाच्या नावे मांडावा लागतो. एवढा साधा विचार या उपपत्तीत नाही.

आणि चूक पुसली की अथणीही पुसली जाते. अथणी आज बेळगाव जिल्ह्यातला तालुका आहे. 1679 च्या नोव्हेंबरात दिलेरखानाने ती पेठ लुटली, रयतेला कैद केले. संभाजीराजांनी विरोध केला, खानाने जुमानले नाही. त्यानंतर काही दिवसांतच राजे छावणीतून निसटून विजापूरला गेले आणि तिथून पन्हाळ्याला. शत्रूच्या तंबूत बसलेल्या बावीस वर्षांच्या युवराजाला परक्या मुलखातल्या बाजारकऱ्यांचा आक्रोश ऐकून आपण कुठे येऊन पडलो आहोत हे उमगते, याहून मोठा नाट्यप्रसंग त्यांच्या आयुष्यात तुळापूरलाही नाही. तुळापूरला ते कैदी होते. अथणीला निवड त्यांच्या हातात होती.

बेळगावच्या वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत औरंगजेबासमोर उभे केलेले, साखळदंडातले राजे दिसतात. अथणी दाखवायची तर आधी युवराज मोगलांच्या तंबूत दाखवावे लागतील, आणि तिथेच मंडळांचा, निर्मात्यांचा, लेखकांचा धीर सुटतो. कडोली, उचगाव, येळ्ळूरला दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. कोवाडला बसून रणजित देसाईंनी ‘श्रीमान योगी’ लिहिली ती याच टापूत. दिलेरखानाच्या छावणीतल्या त्या महिन्यांवर नाटक लिहिण्याचा पहिला हक्क इथल्या लेखकाचा आहे, आणि त्याने ते भावना दुखावतील म्हणून टाळू नये. भावना दुखावणारच. कानेटकरांनी बापलेकाचे भांडण रंगमंचावर आणले तेव्हाही ते सोपे नव्हते, पण नाटक झाले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले.