सौख्याची मोजपट्टी : कार्यालयीन तापमानाच्या परिभाषेचे परीक्षण

कार्यालयांतील वीज वाचवावी की तेथे काम करणाऱ्यांचे सौख्य व कार्यक्षमता सांभाळावी, हा वाद सामान्यतः यंत्रशास्त्राचा मानला जातो. भाषाभ्यासकाचे तेथे काय प्रयोजन, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्राने हवेचे तापमान मोजता येते, सौख्य मोजता येत नाही. ते माणसाला विचारावे लागते, आणि विचारणे व सांगणे शब्दांतूनच घडते. त्या शब्दांची चिकित्सा करणे हे आपलेच कार्य होय.

डॅनिश शास्त्रज्ञ पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेले सूत्र या क्षेत्रात पायाभूत ठरले. हवेचे तापमान, सभोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, वस्त्रे आणि शारीरिक श्रम या सहा घटकांवरून लोकांचा सरासरी कौल ते वर्तविते. एवढा व्यापक विचार एका सूत्रात बांधणे ही सामान्य सिद्धी नव्हे. मात्र कौल नोंदविण्याची पट्टी सात शब्दांची आहे : एका टोकास कडक थंडी, दुसऱ्या टोकास उष्णता, मध्ये उदासीन बिंदू.

ही पट्टी मराठीत आणू पाहिल्यास तिचे दौर्बल्य स्पष्ट होते. 'उबदार' हा शब्द उष्णतेच्या बाजूचा खरा, पण तो तक्रारीचा नसून समाधानाचा आहे. 'गार' वारा हवासा असतो, 'गारठा' नकोसा. 'उकडते' या क्रियापदात तर उष्णता, दमटपणा आणि वाऱ्याचा अभाव एकवटलेले असतात. असे म्हणणाऱ्याची मागणी कित्येकदा थंडीची नसून केवळ वाऱ्याची असते. एक पंखा जे भागवील, त्यासाठी सबंध मजला थंड करावा लागावा, हा पट्टीच्या एकरेषीयतेचा परिणाम होय. सूत्रात वाऱ्याला स्थान आहे, उत्तरात नाही.

दुसरा आक्षेप 'सरासरी' या शब्दावर घ्यावा लागतो. शारीरिक उष्णतेची प्रमाणभूत मूल्ये पुरुषदेहावर बेतलेली असून स्त्रियांच्या बाबतीत ती ३५ टक्क्यांपर्यंत अधिक ठरू शकतात, असे किंग्मा व व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी २०१५ मध्ये दाखविले. म्हणजे काही कार्यालयांत वीजही अधिक जळते आणि स्त्रीकर्मचारी शालही पांघरून बसते. अशा ठिकाणी बचत आणि सौख्य यांत विरोध आहे, हे गृहीतकच टिकत नाही.

भारतीय कार्यालयांविषयी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांत केलेली पाहणी या संदर्भात मोलाची आहे. फँगर यांचे सूत्र येथील लोकांना प्रत्यक्षाहून अधिक उकाडा होत असल्याचे वर्तविते, असे तीत आढळले. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतींतील माणसे वस्त्रे, पंखा, खिडकी यांच्या साहाय्याने स्वतःला ऋतूशी जुळवून घेतात. जपानने २००५ मध्ये कार्यालयांसाठी २८ अंशांचा पुरस्कार केला तेव्हा कोट व गळपट्टी उतरविण्याची मुभाही दिली. आकड्याबरोबर आचारही बदलला, हे त्या योजनेचे मर्म होय.

आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या अंदाजानुसार तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून खोलीसाठीच्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवण्याचा नियमही झाला. तो स्वागतार्ह आहे. कारण ते केवळ आरंभस्थान असून वापरणारा ते बदलू शकतो. परंतु केंद्रीय वातानुकूलन असलेल्या मोठ्या कार्यालयात ही कळ कारकुनाच्या हाती नसते. तेथे १८ काय किंवा २८ काय, दोन्ही आकडे लादलेलेच.

तात्पर्य, खरा प्रश्न योग्य आकडा कोणता हा नसून तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा आहे. मराठीत 'मला थंडी वाजते', 'मला उकडते' असे आपण म्हणतो. अनुभव घेणारा वाक्यात चतुर्थीने उभा असतो. इमारतीच्या नियमावलीतही त्याला तेवढे स्थान मिळावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.