आत आत येणारी स्पर्धा

कोविडमुळे २०२० ची अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. पुढच्या वर्षी एनसीएए या आयोजक संघटनेने पुरुषांची सगळी स्पर्धा इंडियाना राज्यात भरवली. एरवी देशभर विखुरलेले सामने बाहेरच्या जगापासून तोडलेल्या एका बबलमध्ये आले. ६८ संघांचा मुक्काम इंडियानापोलिस परिसरात पडला. सामन्यांचं कौतुक पुष्कळ झालं. त्यांच्यामागची आखणीही तितक्याच बारकाईने पाहावी अशी आहे.

आधी शहराची निवड. एनसीएएचं मुख्यालय इथलंच, अंतिम फेरीही इथेच ठरलेली. पण खरी मेख वेगळी आहे. शहरातलं कन्व्हेन्शन सेंटर बंदिस्त पादचारी पुलांनी आसपासच्या मोठ्या हॉटेलांना जोडलेलं आहे. त्याच्या प्रदर्शन-दालनांत सरावाची कोर्टं अंथरली गेली. खोलीतून निघालेला खेळाडू रस्त्यावर पाऊलही न ठेवता सरावाला पोहोचू शके. परिषदांसाठी बांधलेल्या पुलांतून विलगीकरण साधावं, ही नजर जाणकाराची.

मग सामन्यांची वाटणी. सुरुवातीच्या फेऱ्यांत वेस्ट लाफायेटचं मॅकी अरीना आणि ब्लूमिंग्टनचं असेंब्ली हॉल ही शहराबाहेरची सभागृहंही हाताशी घेतली. संघ गळत गेले तशी स्पर्धा आत सरकली: सोळा संघ उरले तेव्हा दोनच सभागृहं, आठ उरल्यावर फक्त लुकास ऑइल स्टेडियम. संघ कमी तशी ठिकाणंही कमी. वेळापत्रकातच चढत्या लयीची गत बांधलेली होती.

या वाटणीत १९२८ चं हिंकल फील्डहाउसही आहे, हे विशेष. लुकास ऑइल हे अमेरिकन फुटबॉलचं अवाढव्य स्टेडियम. तिथे दोन कोर्टं मांडली, तरी एका वेळी सामना एकच. हिंकल मात्र बास्केटबॉलसाठीच उभारलेलं, उंच खिडक्यांतून उजेड आत घेणारं. प्रेक्षक क्षमतेच्या पाव हिश्शापर्यंतच, तरीही अशा वास्तूत खेळ ओकाबोका वाटत नाही. सोय पाहताना खेळाचं घराणं विसरलं गेलं नाही, यात आखणाऱ्यांची रसिकता दिसते.

आखणीचा कस लागला २० मार्चला. व्हीसीयूच्या चमूत बाधित आढळले आणि ओरेगॉनविरुद्धचा सामना सुरू व्हायला काही तास असताना रद्द झाला. ओरेगॉन न खेळता पुढे गेलं. व्हीसीयूच्या मुलांसाठी मन हळहळतं. पण रोजच्या चाचण्यांचा निकाल मानायचाच, हा नेम ऐन मोक्यावर ढळला नाही. ६७ पैकी एवढा एकच सामना गेला.

आणि फळ? ३ एप्रिल, गोन्झागा आणि यूसीएलए यांचा उपांत्य सामना. जादा वेळेत यूसीएलएने ९०-९० अशी बरोबरी साधली तेव्हा जेमतेम तीन सेकंद उरले होते. गोन्झागाने टाइमआउट घेतला नाही. त्यांच्या जेलन सग्जने चेंडू घेतला, धावतच मध्यरेषा ओलांडली आणि सुमारे चाळीस फुटांवरून फेकला. बोर्डाला लागून चेंडू जाळीत: ९३-९०. टाइमआउट न घेण्यातलं धाडस पाहा; यूसीएलएला बचाव रचायला उसंतच मिळाली नाही.

गोन्झागा आणि बेलर यांची लढत ५ डिसेंबर २०२० रोजी याच शहरात ऐनवेळी कोविडमुळे रद्द झाली होती. तीच लढत ५ एप्रिलला अंतिम सामना म्हणून रंगली. बेलरने ती ८६-७० अशी जिंकली. सारी बंधनं हॉटेलांनी, पुलांनी आणि चाचण्यांनी सोसली, म्हणून कोर्टावर खेळाडू मोकळे राहिले. आयोजनाची कला याहून वेगळी ती काय असते!