कॅव्हेंडिशचा दुसरा जिना

सुरुवात एका वाक्यापासून करू. घरातल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, की आठवड्याभरात कुणीतरी त्याच्या आईला म्हणतं, "अहो, काळजी कशाला करता? आइन्स्टाईनसुद्धा असाच होता." म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. आईलाही घटकाभर बरं वाटतं. पण रात्री मूल झोपलं की तिच्या मनात पुढचा प्रश्न येतो : आणि माझा मुलगा आइन्स्टाईन झाला नाही, तर?

आज आम्ही या दोन वाक्यांबद्दल बोलणार आहोत. थोर माणसांना मरणोत्तर ऑटिझमचं निदान चिकटवणारं जे लेखन गेली पंचवीसएक वर्षं होतंय, ते कसं वाचावं, हा आमचा विषय.

आधी एक गोष्ट मान्य करू. ही यादी नुसत्या गप्पांमधून आलेली नाही. २००३ साली केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन आणि ऑक्सफर्डचे गणितज्ञ योआन जेम्स यांनी न्यूटन आणि आइन्स्टाईन यांच्याबद्दल ही शक्यता मांडली. २००४ मध्ये आयर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ मायकल फिट्झगेराल्ड यांचं अख्खं पुस्तक आलं. त्यात विट्गेनस्टाईन आहे, कवी येट्स आहे, लुईस कॅरोल आहे, आणि आपले रामानुजनही आहेत. म्हणजे बोलणारी माणसं जाणकार आहेत. तेव्हा त्यांचा युक्तिवाद नीट तपासणं हाच त्यांचा मान.

आता निदान कशाच्या आधारे होतं? लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये जी वर्णनं लिहिली, ती समोर बसलेल्या मुलांची होती. आजही डॉक्टर तेच करतात. मूल लहानपणी कसं होतं, घरी, शाळेत, अनोळखी ठिकाणी कसं वागतं, आवाज-स्पर्श त्याला कसे लागतात, रोजच्या जगण्यात अडचण किती होते, हे सगळं बघतात, विचारतात. चरित्रकाराकडे यातलं काय असतं? आठवणी. त्याही निवडक. 'सर वेळेवर जेवले आणि वेळेवर झोपले' अशी आठवण कोण लिहून ठेवतो? विक्षिप्तपणाच तेवढा टिकतो. मग त्या टिकलेल्या विक्षिप्तपणातून माणूस उभा करायचा आणि म्हणायचं, बघा, हा विक्षिप्त होता!

रामानुजनांचं उदाहरण घेऊ, कारण इथे आपल्याला घरचं थोडं कळतं. रॉबर्ट कनिगेल यांनी १९९१ च्या चरित्रात लिहिलंय की पहिली तीन वर्षं मूल बोलतच नव्हतं. तांदळात बोट फिरवून अक्षरं गिरवून घेतली, आणि पुढे ते बोलायला लागलं. पुढे गणित सोडून बाकी विषयांत कॉलेजात नापास. ही दोन्ही लक्षणं म्हणून मांडता येतात आणि आम्ही ती उडवून लावत नाही.

पण आता प्रशांतचंद्र महालनोबिसांची आठवण ऐका. केंब्रिजच्या थंडीत रामानुजन रात्री कुडकुडत होते. ओव्हरकोट घालून, वर शाल पांघरून झोपायचे. महालनोबिसांनी पलंग बघितला तर ब्लँकेटं तिथेच होती, गादीखाली कडा खोचून नीट अंथरलेली. त्यांच्या आत शिरून झोपायचं असतं, हे कुंभकोणमहून आलेल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. हा प्रसंग लंडनमध्ये बसून वाचणाऱ्याला व्यवहारशून्यतेचा नमुना वाटू शकेल. आपल्यापैकी जे पहिल्यांदा परदेशातल्या हॉटेलात झोपलेत, ते नुसते हसतील.

दुसरा प्रसंग. रामानुजनांनी मित्राला आणि त्याच्या वाग्दत्त वधूला जेवायला बोलावलं, स्वतः रांधून वाढलं. रस्सम आणखी घ्या म्हणाले, पाहुण्यांनी घेतलं. पुन्हा आग्रह केला, तेव्हा ती नको म्हणाली. रामानुजन गुपचूप घराबाहेर पडले आणि काही दिवसांनी ऑक्सफर्डहून पैसे पाठवा म्हणून त्यांची तार आली. वागणं टोकाचं आहे, यात शंका नाही. पण ते समोरच्याचं मन न कळणाऱ्याचं आहे, की आग्रह नाकारला गेला म्हणजे यजमानाचा अपमान झाला असं ज्या पंक्तीत शिकवलं जातं तिथून आलेल्या, युद्धकाळात एकट्या पडलेल्या, लवकरच आजारी पडणार असलेल्या माणसाचं? आम्हाला ठरवता येत नाही. आमचा आक्षेप एवढाच, की यादी करणाऱ्याला ते फार पटकन ठरवता येतं.

त्याच रामानुजनांच्या शरीराच्या आजाराचं काय झालं पाहा. इंग्लंडमध्ये त्यांना क्षय आहे असं मानून उपचार झाले. १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग या डॉक्टरांनी नोंदी पुन्हा तपासल्या आणि यकृताचा अमीबाजन्य आजार अधिक संभवतो असं दाखवलं. हेही मरणोत्तर निदानच. पण तिथे तापाच्या नोंदी होत्या, आधीच्या आमांशाचा इतिहास होता, आणि तरीही भाषा शक्यतेचीच होती. मनाच्या बाबतीत पुरावा कमी आणि आवाज मात्र मोठा, असं का व्हावं?

मराठीत या गोंधळाला भाषेचीही साथ आहे. ऑटिझमला आपण 'स्वमग्नता' म्हणतो. पण स्वमग्न हा शब्द आपण कवीबद्दल, गवयाबद्दल कौतुकानेच वापरत आलो. त्यामुळे 'ते स्वमग्न होते' हे वाक्य विशेषणावरून निदानावर कधी घसरतं, ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. आणि उलटही होतं. जे मूल पंख्याच्या आवाजाने कान दाबून घेतं, शाळेचा रस्ता बदलला की रडून आकांत करतं, ते स्वतःत 'मग्न' नसतं. बाहेरचं जग त्याच्या अंगावर फार जोरात आदळत असतं.

मग सगळंच मोडीत काढायचं का? नाही. एक माणूस असा आहे जिथे आम्हीही थांबतो. हेन्री कॅव्हेंडिश, १७३१ ते १८१०. हायड्रोजन वेगळा वायू म्हणून ओळखणारा, १७९८ मध्ये पृथ्वीची घनता मोजणारा. ऑलिव्हर सॅक्स यांना आइन्स्टाईन, विट्गेनस्टाईन यांच्याबद्दलचा पुरावा तोकडा वाटत होता, पण कॅव्हेंडिशच्या बाबतीत मात्र तो त्यांना फार भक्कम वाटला. २०१५ मध्ये स्टीव्ह सिल्बरमन यांनी 'न्यूरोट्राइब्ज' या पुस्तकाची सुरुवात याच माणसापासून केली. कॅव्हेंडिश मोलकरणींशी बोलत नसे. जेवणाला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवी. एकदा जिन्यात मोलकरीण समोर आली, तर त्याने घराला मागून दुसरा जिनाच बांधून घेतला, असं सांगतात.

ही गोष्ट सांगून लोक हसतात आणि पुढे जातात. आम्ही म्हणतो, त्या जिन्यापाशी जरा थांबा. कॅव्हेंडिश इंग्लंडातल्या अतिश्रीमंतांपैकी एक. घर त्याचं, नोकर त्याचे, प्रयोगशाळा घरात. जग सोसत नव्हतं, तर त्याने जग बदलून घेतलं. आणि एवढंच नाही. रॉयल सोसायटीच्या मंडळींबरोबर तो नेमाने जेवायला जाई. तिथे नव्या माणसाला सांगून ठेवलेलं असे : त्याच्याकडे थेट बघू नका, हवेत बोलल्यासारखं बोला, मग कदाचित उत्तर मिळेल. म्हणजे जिना पैशाने आला, पण ही रीत माणसांनी शिकून घेतली. हायड्रोजनच्या मागे त्याची बुद्धी होती आणि हेही होतं.

आता शेजारी दुसरा माणूस ठेवू. स्कॉटलंडमधला ह्यू ब्लेअर. जमीनदार घराण्यातला, पण त्याने कसलाही शोध लावला नाही. १७४७ मध्ये एडिंबरोच्या कोर्टात त्याचं लग्न रद्द करण्यासाठी धाकट्या भावाने दावा लावला. वारसाहक्काचा प्रश्न होता. ओळखीच्या माणसांनी साक्षी दिल्या, त्यामुळे तो कसा वागत असे याच्या नोंदी उरल्या. कोर्टाने लिहून दिलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याऐवजी त्याने ते प्रश्नच उतरवून काढले. लग्न रद्द झालं. रॅब ह्यूस्टन आणि उटा फ्रिथ यांनी २००० साली या खटल्यावर पुस्तक लिहिलं, आणि मरणोत्तर निदान करायचंच तर ते किती कष्टाने करावं लागतं याचा तो वस्तुपाठ आहे. पण ह्यू ब्लेअरचं नाव कुठल्या यादीत, कुठल्या पोस्टरवर तुम्ही पाहिलंय? नाही. कारण त्याच्याकडून दिलासा मिळत नाही. यादीत शिरायला ऑटिझम पुरत नाही, नोबेल लागतं!

इथे आम्हाला एक उत्तर ऐकू येतं, आणि ते ऑटिस्टिक माणसांकडूनच येतं : "आम्हाला पूर्वज हवेत. आम्ही काही काल उगवलो नाही." ही मागणी खरी आहे. निदान १९४३ पासूनचं असलं तरी माणसं त्याआधीपासून होतीच. पण पूर्वज हवेत तर सगळे घ्या. ह्यू ब्लेअर घ्या, आणि ज्यांना 'वेडगळ' म्हणून गोठ्यात झोपवलं, ज्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत, तेही घ्या. फक्त सिंहासनावरचे पूर्वज निवडणं ही जुनी खोड आहे, आपल्याकडच्या वंशावळ्याही तशाच असतात.

आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातच ऑटिझम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तो स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. या कायद्यांत बुद्धिमत्तेची अट नाही. हक्क मिळवायला पृथ्वीची घनता मोजून दाखवावी लागत नाही. कायद्याला जे कळलं, ते आपल्या सांत्वनाच्या भाषेला अजून कळायचंय.

तेव्हा पुढच्या वेळी त्या आईला भेटाल, तेव्हा आइन्स्टाईनला घरीच ठेवा. तिला विचारा, "याला कशाचा त्रास होतो? आमच्याकडे आणलंत तर टीव्ही बंद ठेवू का? वाढदिवसाला आधी येऊन, गर्दी व्हायच्या आत जाल का?" कॅव्हेंडिशला दुसरा जिना बांधणं परवडत होतं. ज्याला परवडत नाही, त्याचा जिना आपण सगळ्यांनी मिळून बांधायचा असतो. आणि तो वर चढून पुढे काय करणार, हे आधी विचारायचं नसतं.