जन्मतारखेचा रकाना : ‘मंदाबी’ पाहताना

सेनेगल १९६० साली स्वतंत्र झाला, पण कारभाराची भाषा फ्रेंचच राहिली. उस्मान सेम्बेन फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहीत. बहुसंख्य देशबांधवांना त्या वाचता येत नाहीत, म्हणून ते सिनेमाकडे वळले. १९६८चा ‘मंदाबी’ त्यांनी वोलोफ भाषेत केला.

डाकारमधल्या बेकार इब्राहिमाला पॅरिसहून भाच्याची मनीऑर्डर येते. पैसे घ्यायला ओळखपत्र हवं, त्यासाठी जन्मदाखला आणि दाखल्यासाठी नेमकी जन्मतारीख. ती त्याला ठाऊक नाही. फॉर्मचे रकाने ठरवणं हे माझं रोजचं काम. एका सक्तीच्या रकान्याची सत्ता इतकी स्वच्छ दाखवणारा दुसरा सिनेमा मी पाहिलेला नाही.

सेम्बेन इब्राहिमाला बिचारा करत नाहीत. घरी दोन बायकांवर हुकूम गाजवणारा हा माणूस सरकारी खिडकीसमोर एवढासा होतो. आणि खिडकीपलीकडे बसलेलेही सेनेगलीच आहेत. साहेब गेला, खिडकी राहिली.

शेवटी आपणच हे सगळं बदलू, असं पोस्टमन सांगतो, ते मात्र मला उपदेशासारखं वाटलं. इब्राहिमा स्वतःच्या शहरात, स्वतःची भाषा बोलत असूनही मुका ठरतो, तेव्हाच सगळं सांगून झालेलं असतं.