गर्दी पांगल्यावर
पुंजभौतिकीवरचं मराठी लेखन बहुधा अनिश्चिततेच्या गूढातच रमतं. मला त्यातली निश्चितता जास्त भावते. विसर्जन मिरवणूक सरली की आमच्या कसबा पेठेतली गर्दी पांगते, कोणी एकटं, कोणी घोळक्याने. एकमेकांवर आदळलेल्या अनेक कणांचंही अखेर असंच होतं. सुटे कण नाहीतर बांधलेले समूह. तिसरा, अधांतरी प्रकार उरत नाही, हे सिगाल आणि सॉफर यांनी १९८७ मध्ये सिद्ध केलं. अट एकच, बल अंतरासोबत झपाट्याने घटायला हवं. अणूला बांधणारं विद्युतबल तसं घटत नाही. त्यासाठी देरेझिन्स्कींच्या १९९३ च्या सिद्धतेची वाट पाहावी लागली. कोणते घोळके बनतील हे संभाव्यतेवर, पण शक्यतांची यादी पूर्ण. गूढकथा रंगवताना आपण नेमकी ही यादीच वाचकाला सांगत नाही.