सातबाऱ्यावरील सही आणि कुलपाचा दृष्टांत

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला शेतकरी पीककर्जासाठी ऑनलाइन सातबारा काढतो तेव्हा त्यावर शाईची सही नसते. डिजिटल स्वाक्षरी असल्याने सही-शिक्क्याची गरज नाही, असे तळाशी छापलेले असते. महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी ही सोय सुरू झाली. सोय उत्तमच, पण ही सही म्हणजे काय, हे सांगताना जो दृष्टांत दिला जातो तो आम्हाला अपुरा वाटतो.

दृष्टांत असा: आपली उघडी कुलपे सर्वांना वाटून टाकावीत, किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवावी. कुलूप कोणीही लावील, उघडणारा एकच. डिफी व हेलमन यांनी १९७६ साली मांडलेल्या सार्वजनिक किल्लीच्या कल्पनेतला गुप्ततेचा भाग यातून छान कळतो. पण सातबारा गुप्त नसतो! तो खरोखर महसूल खात्याचा आहे का, आणि त्यात मागाहून कोणी बदल केला नाही ना, हा प्रश्न असतो. कुलपाच्या गोष्टीत याचे उत्तर नाही.

त्यापेक्षा फळ्यावर आकडे मांडावेत. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांच्या १९७७ सालच्या रीतीने ३ × ११ = ३३ घेऊ. खाजगी किल्ली ७, सार्वजनिक किल्ली ३. मजकुरावरून ठरावीक नियमाने काढलेला आकडा ४ आहे असे समजू. सही करणारा ४ चा सातवा घात काढून ३३ ने भागतो, बाकी १६. हीच सही. तपासणाऱ्याने १६ चा घन करून ३३ ने भागावे. बाकी पुन्हा ४! मजकूर बदलला की त्याचा आकडा बदलतो आणि मेळ बसत नाही. ३३ चे अवयव मुले तोंडी पाडतील आणि त्यावरून खाजगी किल्लीही शोधतील. म्हणून प्रत्यक्षात सहाशेहून अधिक अंकांची संख्या घेतात.

आता लक्षात येईल की सही फाइलमधल्या आकड्यांत असते, कागदावर दिसणाऱ्या खुणेत नव्हे. झेरॉक्समध्ये खूण उतरते, सही उतरत नाही. छापील प्रतीसाठी पडताळणी क्रमांक दिलेला असतो. तो संकेतस्थळावर टाकून मूळ नोंद पाहावी लागते. ‘शिक्क्याची गरज नाही’ एवढेच वाचून जो थांबतो, तो खुणेलाच नवा शिक्का मानतो. कुलपाचा दृष्टांत जरूर सांगावा, पण तिथे थांबू नये. तपासणे हा या सहीचा अर्धा भाग आहे, आणि तो शिकवणे आपल्याकडे येते.